सायकलवरील पृथ्वीप्रदक्षिणा व तिचीं साधनें

ता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, व त्यांपैकीं तिघे ता. १८ मार्च १९२८ रोजीं त्याच शहरांत परत आले. भारतीयांनीं सायकलवर केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय, असें मानितात. आमच्या इतिहासभक्त मंडळींत या प्रवासाचा उल्लेख सहसा होत नाहीं. मोडी रुमाल, ताम्रपट व नाणीं यांत गढलेल्या संशोधकास पायगाडीवरून जग हिंडणाऱ्या तरुणांशीं काय कर्तव्य, असें वाटणें साहजिक आहे. परंतु ज्या गोष्टीस शंभर वर्षें उलटून गेलीं ती इतिहासाच्या कक्षेंत आपोआप येते. आणि तिजविषयीं आपण जें बोलतों तें कोणत्या आधारावर बोलतों, हा प्रश्न तिलाहि लागू होतो. प्रस्तुत लेखांत प्रवासाची हकीकत थोडक्यांत सांगून मुख्यतः तिच्या साधनांचा विचार करावयाचा आहे.

निघालेल्या मंडळींचीं नांवें अशीं : आदि हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भूमगरा, केकी पोचखानावाला, गुस्ताद हाथीराम व नरिमन कापडिया. पैकीं कापडिया हे तेहरानपर्यंत, म्हणजे सुमारें ५,००० किलोमीटर, बरोबर राहून खाजगी कारणास्तव परतले. हाथीराम यांनीं अमेरिकेंतच राहण्याचें ठरविलें, आणि मित्राच्या वियोगानें खिन्न होऊन पोचखानावाला स्वदेशीं आले. शेवटपर्यंत गेले ते पहिले तिघे. त्यांचा मार्ग स्थूलमानानें पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया असा. तेथून पुढें जहाजानें युरोप, युरोप ओलांडून इंग्लंड, मग अटलांटिकपलीकडे अमेरिका. नंतर जपान, कोरिया, चीन, हिंदी चीन, सयाम व ब्रह्मदेश. एकंदर मजल ४४,००० मैलांची, म्हणजे सुमारें ७१,००० किलोमीटरांची झाली असें त्यांचें सांगणें आहे. १९३१ सालीं तिघांनीं मिळून आपल्या प्रवासाचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें २००८ मध्यें पुनर्मुद्रण झालें आहे.

येथें कोणी प्रथमच आक्षेप घेईल कीं, समुद्र जहाजानें ओलांडला असतां प्रदक्षिणा सायकलची कशी म्हणावी ? हा आक्षेप हर्णे बंदराच्या माणसास फारसा अडविणार नाहीं. हर्णेहून उत्तरेस आंजर्ल्यास जावयाचें तर जोग नदीची खाडी आडवी येते. तिजवर पूल होण्यापूर्वीं तरीवांचून गत्यंतर नव्हतें. दक्षिणेस दाभोळची खाडी आहे. तेथें २००३ पासून वाहनांचीहि नेआण करणारी फेरीबोट सुरू झाली. या किनाऱ्यानें पायीं किंवा सायकलीनें प्रवास करणारा मनुष्य होडींत बसला म्हणून त्याची वाट खंडित झाली, असें कोंकणांत कोणी म्हणत नाहीं. याच्या उलट नर्मदेच्या परिक्रमेंत नदी ओलांडतां कामा नये असा कडक नियम आहे. तात्पर्य, प्रदक्षिणा कशास म्हणावें हें ज्या त्या प्रदक्षिणेच्या शास्त्रावर अवलंबून. आणि १९२३ सालीं सायकलच्या पृथ्वीप्रदक्षिणेचें असें शास्त्र सिद्ध झालेलें नव्हतें. आजचा जागतिक विक्रमाचा नियम असा आहे कीं, प्रत्यक्ष सायकलीवर निदान १८,००० मैल (सुमारें २८,९७० किलोमीटर) जावें, बोटी व विमानें धरून एकूण मजल विषुववृत्ताच्या परिघाहून, म्हणजे ४०,०७५ किलोमीटरांहून, कमी नसावी, दिशा एकच ठेवावी, व भूगोलावरील परस्परांच्या अगदीं विरुद्ध अशीं दोन स्थळें वाटेंत घ्यावीं. मुंबईकरांचा वर दिलेला मार्ग सारा उत्तर गोलार्धांतला असल्यामुळें शेवटच्या कलमास तो उतरत नाहीं. पण तेवढ्यावरून त्यांची प्रदक्षिणा बाद करणें म्हणजे मागाहून झालेल्या कायद्यानें मागचें वतन जप्त करण्यासारखें होय.

त्यांच्या पूर्वीं पाश्चात्यांनीं हा उद्योग आरंभिला होता, व त्यांतहि पुराव्याचा प्रश्न पहिल्यापासून आहे. टॉमस स्टीव्हन्स हा मोठ्या पुढच्या चाकाच्या जुन्या घडणीच्या सायकलवरून एप्रिल १८८४ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. अफगाणिस्तानांतून त्यास परत लाविल्यामुळें तो समुद्रमार्गें कराचीस आला, आगगाडीनें लाहोरास गेला, व तेथून कलकत्त्यापर्यंत सायकलनें जाऊन डिसेंबर १८८६ मध्यें योकोहामास पोहोंचला. फ्रँक लेंझ हा अमेरिकन हिंदुस्थान व इराण ओलांडून गेला आणि १८९४ सालीं तुर्कस्तानच्या पूर्व भागांत नाहींसा झाला. त्याच सालीं अॅनी लंडनडेरी या नांवानें बोस्टनहून निघालेल्या बाईची कथा साधनचिकित्सेच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद आहे. तिचें खरें आडनांव कोपचोव्स्की. ‘लंडनडेरी’ हें नांव एका झऱ्याच्या पाण्याच्या कंपनीनें १०० डॉलर देऊन तिला लाविलें होतें! ठिकठिकाणच्या अमेरिकन वकिलांच्या सह्या तिनें गोळा केल्या. त्या सह्या ती त्या त्या बंदरीं गेल्याचें दाखवितात. पण बंदरास ती सायकलनें आली कीं आगबोटीनें, तें दाखवीत नाहींत. बरीच वाट तिनें आगबोटीनेंच काढली. भारतांत जर्मन राजपुत्रांबरोबर वाघांची शिकार केल्याचें तिनें वर्तमानपत्रांस सांगितलें, आणि तें त्यांनीं छापलेंहि. महजरावर गोहींचीं नांवें आहेत म्हणून त्यांतील मजकूर खरा, असें समजणाऱ्या नवशिक्या संशोधकानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आतां मुंबईकरांच्या ७१,००० किलोमीटरांकडे वळूं. प्रस्थान व आगमन या दोन तारखांमध्यें १,६१६ दिवस भरतात. म्हणजे रोजची सरासरी सुमारें ४४ किलोमीटर. फ्रेझर, लन् व लो हे तिघे इंग्रज जुलै १८९६ मध्यें लंडनहून निघून ७७४ दिवसांत १९,२३७ मैल हिंडले. त्यांची सरासरी ४० किलोमीटर पडते. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत कीं, मुंबईकरांचा आकडा वरवर पाहतां अशक्य वाटत नाहीं. परंतु इतक्यावर थांबणें बरें नव्हे. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें बगदाद ते अलेप्पो हें ९५६ किलोमीटरांचें वाळवंट त्यांनीं २३ दिवसांत काटलें, आणि ही मजल ते मोठ्या झपाट्याची म्हणून सांगतात. हिशेब केला तर तेथें रोजचे ४१ ते ४२ किलोमीटर पडतात. उलट एकूण सरासरींत जहाजावरचे आठवडे, आजारपणें, परवान्यांसाठीं झालेला खोळंबा व शहरांतील मुक्काम हे सर्व धरलेले असल्यामुळें, प्रत्यक्ष चालीच्या दिवसांची मजल ४४ हून पुष्कळच अधिक असली पाहिजे. अमेरिकेच्या वा युरोपच्या पक्क्या रस्त्यांवर तशी ती झाली असेल, व आमच्या मतें झालीहि असावी. तथापि तें ठरविण्याचें साधन म्हणजे रोजच्या मुक्कामांची टिपणवही होय, तीन वर्षांनीं लिहून छापलेला ग्रंथ नव्हे.

ग्रंथ त्याज्य आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तो लिहिणारे स्वतः प्रवास केलेले आहेत, तिघांनीं मिळून तो लिहिला आहे, आणि साथीदार गळाल्याची अप्रिय गोष्ट त्यांनीं झांकून ठेविलेली नाहीं, हें त्यांच्या सचोटीचें गमक होय. पण बखर आणि अस्सल पत्र यांत जें अंतर, तेंच येथें आहे. १७५५ च्या एप्रिलांत कमोडोर जेम्सनें हर्णेसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला, त्या प्रसंगाचा निर्णय इंग्रजांचे कागद व पेशव्यांकडील पत्रें एकमेकांशीं ताडूनच करावा लागतो. मागाहून रचलेली एकच हकीकत घेऊन भागत नाहीं. प्रवासवर्णनापुरतें पाहिलें तरी वरसईच्या विष्णुभट गोडशांचें उदाहरण आपणांपुढें आहे. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापला तो भाषेवर व मजकुरावर हात फिरवून. मूळ हस्तलिखित शिल्लक राहिलें म्हणूनच महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांस १९६६ मध्यें गोडशांचा खरा शब्द वाचकांपुढें ठेवितां आला. हस्तलिखित चुलींत गेलें असतें, तर १९०७ चें पुस्तक हेंच गोडसे, असें आपण आजहि म्हणत राहिलों असतों.

मुंबईहून असे प्रवास आणखीहि झाले. फ्रामरोज दावर हे १९२४ च्या जानेवारींत एकटेच निघाले. व्हिएन्ना येथें गुस्ताव स्टाव्यानिक हा ऑस्ट्रियन त्यांस मिळाला, आणि दोघांनीं सहारा, अँडीज पर्वत व अॅमेझॉनचें अरण्य ओलांडून १९३१ पर्यंत ५२ देशांतून सुमारें १,१०,००० किलोमीटर मजल मारिली. धाडसाच्या दृष्टीनें आम्ही दावरांस अग्रमान देऊं. पुढें केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ हे १९३३ सालीं निघाले ते महायुद्ध पेटल्यावर, १९४२ मध्यें, घरीं आले. त्यांची मजल ८४,००० किलोमीटरांची. या सर्वांनीं ग्रंथ लिहिले ते इंग्रजींत. ते विस्मृतींतून बाहेर काढण्याचें श्रेय कोणा इतिहासमंडळास नसून, गोव्यांत राहणाऱ्या अनुप बबानी व साविया व्हिएगस या दोघांस आहे. जुने ग्रंथ व छायाचित्रें मिळवून त्यांनीं प्रदर्शन मांडलें व पुस्तकहि लिहिलें.

हर्णेच्या शेजारच्या मुरुडचें एक उदाहरण तुलनेसाठीं घेऊं. महर्षि धोंडो केशव कर्वे हे १९२९ सालीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, महिला विद्यापीठाच्या कार्यार्थ जगाच्या फेरीस निघाले व युरोप, अमेरिका, जपान असें करून १९३० मध्यें परतले. तो फेरा आगबोटींचा व आगगाड्यांचा. पण त्यांच्यामागें संस्था होती, वर्गणीचा जमाखर्च होता, अहवाल होते. १९३६ च्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्रांतील हकीकत त्या कागदांशीं ताडून पाहतां येते. सायकलवाल्यांच्यामागें ट्रंकेखेरीज दुसरें दफ्तर नव्हतें.

अलीकडे ही प्रदक्षिणा खरोखरीची शर्यत झाली आहे, व घड्याळ आतां बोटींत किंवा विमानतळावर थांबत नाहीं. मार्क ब्यूमाँट या स्कॉटिश सायकलपटूनें २०१७ सालीं ७८ दिवस, १४ तास व ४० मिनिटांत ती पुरी केली. म्हणजे रोजचे सुमारें ३७० किलोमीटर. स्त्रियांमध्यें लेल विल्कॉक्स हिनें २०२४ सालीं १०८ दिवस, १२ तास व १२ मिनिटें घेतलीं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिनें २०१८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथून निघून १५९ दिवसांत सुमारें २९,००० किलोमीटर मजल मारिली. वाटेंत स्पेनमध्यें चोरट्यांनीं चाकूचा धाक घालून तिला लुबाडलें, तरी ती पुढें गेली. विक्रमासाठीं आज स्थानदर्शक यंत्राची नोंद, साक्षीदारांच्या सह्या, छायाचित्रें व रोजनिशी असे सर्व पुरावे द्यावे लागतात. १९२३ च्या मंडळीकडून जी टिपणवही मागावीशी वाटते, ती आज नियमच मागतो. मात्र हा नवा पुरावा यंत्राच्या पोटांत राहतो. यंत्र बदललें कीं तो वाचवत नाहीं. कसर लागलेला रुमाल निदान उलगडून पाहतां येतो.

म्हणून हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस आमची विनंति आहे. १९२० ते १९४५ या काळांतील सायकलप्रवासाचे कागद कोणत्याहि घरीं आढळल्यास ते रद्दी समजूं नयेत. शिक्के उमटलेलीं पारपत्रें, सह्यांच्या वह्या, वाटेवरून धाडलेलीं पोस्टकार्डें, प्रवाशांनीं खर्चासाठीं विकलेलीं छायाचित्रें, स्थानिक पत्रांतील कात्रणें हीं सर्व अस्सल साधनें आहेत, आणि तारखेशिवाय एकहि कागद ठेवूं नये. छायाचित्राच्या पाठीवरचा मजकूर पुढच्या चित्राइतकाच महत्त्वाचा. तें पुठ्ठ्यास डकवूं नये. मुंबईच्या जुन्या बाजारांत शोध करावाच, पण हर्णे, मुरुड, दापोली या बाजूच्या चाकरमान्यांच्या घरींहि करावा. कारण मुंबईस नोकरीस असलेल्या माणसानें गांवीं धाडलेल्या पत्रांत शहरांतील असल्या मिरवणुकांची हकीकत ओझरती येऊन जाते. नगरपालिका पूर्वीं सायकलींवर कर घेऊन पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला देत असत. त्यावर वर्ष व क्रमांक उठविलेला असे. नाण्यांप्रमाणें या बिल्ल्यांचीहि यादी झाली, तर कोणत्या गांवीं सायकल केव्हां रूढ झाली हें सांगतां येईल. सध्यां ते मोडीच्या दुकानीं वजनावर जात आहेत.