फिरंग रोग : एका नावाची कथा

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात चरक-सुश्रुतांनी न वर्णिलेल्या एका व्याधीचे विवेचन आहे. तिचे नाव ‘फिरंग रोग’. फिरंग्यांच्या देशात ती विपुल आढळते व त्यांच्या संसर्गाने जडते, असे त्याने म्हटले आहे. हीच आजची सिफिलिस, बोलीत गरमी. ‘फिरंगी’ हे बिरुद एके काळी कोकणातील ख्रिस्ती समाजालाही चिकटले होते. त्यामुळे हे नाव वाचताना आपण क्षणभर थबकतो.

तथापि, एकट्या भावमिश्राला बोल लावण्याचे कारण नाही. १४९५ साली आठव्या चार्ल्सचे फ्रेंच सैन्य नेपल्समध्ये असताना हा रोग उफाळला, तेव्हा इटालियनांनी त्याला फ्रेंच रोग म्हटले, तर फ्रेंचांनी नेपल्सचा रोग! त्याच वर्षी सम्राट मॅक्सिमिलियनने जाहीरनामा काढून ही देवनिंदेची शिक्षा ठरविली. ‘सिफिलिस’ हे नाव वेरोनाच्या जिरोलामो फ्राकास्तोरोच्या १५३० मधील लॅटिन काव्यातल्या मेंढपाळावरून आले. हा फ्राकास्तोरो पुढे त्रेंतच्या धर्मपरिषदेचा वैद्य झाला. पण काव्याच्या शीर्षकात ‘फ्रेंच रोग’ हे शब्द त्यानेही ठेवलेच.

दोष परक्याचा, औषध मात्र कोणाचेही चालले. चीनमधून आलेल्या चोपचिनीच्या मुळीवर गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात एक स्वतंत्र संवाद लिहिला. भावमिश्रानेही याच रोगावर चोपचिनी सांगितली. दुसरे औषध पाऱ्याचे. पाऱ्याचा कल्प गव्हाच्या कणकेत गुंडाळून, दातांना स्पर्श न होऊ देता गिळावा, म्हणजे तोंड येत नाही, ही भावमिश्राची सूचना त्याच्या चिकित्सक दृष्टीची साक्ष देते. युरोपात रुग्णाच्या अंगाला पाऱ्याचे मलम चोळीत. लाळ गळे, दात हलत. कोण रोगाने मेला आणि कोण पाऱ्याने, हे सांगणे कठीणच.

१९०५ साली शाउडिन व हॉफमन यांना या रोगाचा जंतू सापडला, १९१० मध्ये एर्लिखचे साल्व्हारसान आले आणि १९४३ साली पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाला. रोग बरा होऊ लागला; रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी मात्र बदलली नाही. अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्यखात्याने सुमारे ४०० कृष्णवर्णीय रोग्यांना १९३२ पासून केवळ निरीक्षणासाठी उपचारांविना ठेवले. पेनिसिलिन आल्यावरही ते त्यांना दिले नाही. १९७२ साली हे उघडकीस आले. पापाचा शोध घ्यायचाच, तर तो येथे घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली ८० लाख प्रौढांना या रोगाची नव्याने लागण झाली. गर्भवती स्त्रीची वेळीच रक्ततपासणी करून पेनिसिलिन दिले, तर पोटातले मूल बहुधा वाचते. लाजेपायी अनेकजणी तपासणीला जातच नाहीत.