बेवारस धन आणि वारस शोधणाऱ्याचा वाटा

आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इचोडा हे गाव लागते. तेथील महसुली व्यवहारात ‘विरासत’ ह्या शब्दास मोठे महत्त्व आहे. शेताचा पट्टेदार वारला म्हणजे त्याच्या मुलाबाळांची नावे दप्तरी चढविणे, हा त्याचा तेलंगणातील अर्थ होय. आपण मराठीत ज्यास वारसनोंद म्हणतो तीच ही. मूळ अरबी शब्द एकच असून तो फार्सी दप्तरांच्या वाटेने दोन्ही बोलींत येऊन रुजला. ज्याच्यामागे कोणी नाही तो आपला ‘बेवारस’, आणि उर्दूतील ‘लावारिस’.

१९५६ हे वर्ष ह्या भागास दोन कारणांनी स्मरणीय ठरले. त्या जूनमध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस हैदराबाद संस्थानाचे राज्य विभागले जाऊन आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यास मिळाले. इचोडा आंध्र प्रदेशात राहिले. राज्ये विभागली तरी सोयरीक विभागत नाही. आंध्र प्रदेशाने १९८५ साली अविवाहित कन्येस वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. महाराष्ट्राने तसे करावयास १९९४ साल उजाडले. म्हणजे मधली नऊ वर्षे सीमेच्या अलीकडील बहीण सहदायाद होती आणि पलीकडील तिची चुलत बहीण नव्हती! शिवाय १९५६ च्या कायद्याने सगोत्र आणि भिन्नगोत्र आप्तांस पिढ्यांची मर्यादाच ठेवलेली नाही. जवळचे कोणी नसले तर कितीही दूरचा भाऊबंद वारस ठरू शकतो. तोही न सापडला तरच एकोणतिसाव्या कलमान्वये धन सरकारजमा होते. अशा वेळी इचोड्यातील मृताचा किनवटकडील दूरचा वारस कोण, हे ज्यास ठाऊक आहे त्याच्या ज्ञानास किंमत येते. ती किंमत त्याने घ्यावी काय, आणि घ्यावी तर किती, हा आजच्या लेखाचा विषय आहे. युरोप-अमेरिकेत ह्या कामाच्या मोठ्या पेढ्या आहेत. आपल्याकडेही विसरलेले समभाग व ठेवी परत मिळवून देऊन हिस्सा घेणारे व्यावसायिक पुढे आले आहेत.

वंशावळ जाणणे हा धंदा ह्या प्रदेशास अपरिचित नाही. आदिलाबादच्या राजगोंडांचे परधान हे त्यांचे वंशपरंपरागत भाट. किक्री नावाचे तंतुवाद्य छेडीत ते यजमानाच्या कुळाची कथा सांगतात. हैमेनडॉर्फ ह्या ऑस्ट्रियन पंडिताने १९४० नंतर येथे राहून गोंडांचा जो अभ्यास केला, त्यात एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे: परधानाची घरची भाषा मराठी, पण कुळकथा तो गोंडीत गातो. सण, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी यजमान त्यास दान देतो. हे दान प्रथेने ठरलेले असते, इस्टेटीच्या आकारावर बेतलेले नसते. पुष्य अमावास्येस केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेश्राम कुळातील नव्या सुनांची देवासमोर कुळाशी ओळख करून दिली जाते. तो विधी ‘भेटिंग’ म्हणून ओळखला जातो. कुळात कोण आले हे सर्वांदेखत सांगण्याची ही रीत म्हणजे एक जिवंत नोंदवहीच होय.

आपल्या वाचकांसही ह्यात नवल वाटू नये. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायाकडे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातची अक्षरे वहीत सापडतात. गोमंतकातील देवस्थानांत महाजनांची नोंद ठेवण्याची शिस्त १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीने कायद्यात आणली. उपाध्याय वही उघडतो, पूर्वजांची नावे वाचून दाखवितो, आणि मग दक्षिणेचा विषय निघतो. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता धर्मशास्त्र काय म्हणते ते पाहू. हरवलेले धन आणि वारसाविना राहिलेले धन ही स्मृतींत निराळी प्रकरणे आहेत हे खरे. तथापि दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्यास व शोधणाऱ्यास काय द्यावे, हा विचार पहिल्याच प्रकरणात आला आहे. गौतम सांगतो की असे धन सापडल्यास राजास कळवावे, राजाने दवंडी पिटवावी, वर्षभर ते राखावे, आणि धनी न आला तर चौथा हिस्सा सापडणाऱ्यास देऊन उरलेले आपण घ्यावे. मनू ही मुदत तीन वर्षांची करतो. धनी आला तर राखणावळ म्हणून राजाने सहावा, दहावा किंवा बारावा भाग घ्यावा, अशी त्याची मोजणी आहे. खोटा धनी उभा राहू नये म्हणून वस्तूचे रूप, संख्या, स्थळ विचारून घ्यावे. सांगता न आल्यास वस्तूच्या किमतीइतका दंड करावा.

ह्या तीन आकड्यांचा मेळ लावला तो आपल्याच दक्षिणेतील एका पंडिताने. बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे पुढे निजामाच्याच राज्यात मोडलेल्या मुलखात, विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. तो म्हणतो, पहिल्या वर्षी धनी आला तर सगळेच परत द्यावे. दुसऱ्या वर्षी बारावा भाग ठेवावा, तिसऱ्या वर्षी दहावा, आणि चौथ्यापासून पुढे सहावा. राखण जितकी लांबली तितकी मजुरी वाढली, हा सरळ हिशेब आहे. आणि सापडणाऱ्याचे काय? त्यास राजाच्या भागाचा चतुर्थांश. चोवीस रुपयांचे धन चौथ्या वर्षी धन्यास मिळाले तर राजाचे चार, त्यातला एक सापडणाऱ्याचा, आणि धन्याचे वीस. सापडणाऱ्याचा वाटा धन्याच्या पदरातून काढलेला नाही, तो राजाच्या भागातून दिला आहे. त्यापूर्वी दवंडी झालेली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे.

वारस नसलेल्या धनाबाबत स्मृतिकारांचा कल राजाकडे होता, आणि राजांस त्याचा मोहही होता. कौटिल्य असे धन राजास देतो, पण स्त्रियांचा चरितार्थ आणि प्रेतकार्य ह्यांपुरते वगळून. श्रोत्रियाचे धन तर राजाने घ्यावयाचेच नाही. (हा शेवटचा अपवाद इंग्रजी अमलात टिकला नाही. मच्छलीपट्टणच्या एका प्रकरणात १८६० साली प्रिव्ही कौन्सिलने ब्राह्मणाचे निर्वारस धनही सरकारचेच ठरविले.) गुजरातच्या चालुक्य कुमारपालाने निपुत्रिकाचे धन जप्त करण्याची चाल बाराव्या शतकात बंद केली, म्हणून जैन ग्रंथकारांनी त्याची वाखाणणी केली.

पण ह्या विषयावरील सर्वात मार्मिक प्रसंग स्मृतीत नाही, नाटकात आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात धनमित्र नावाचा सागरी व्यापारी गलबत फुटून मरतो. तो निपुत्रिक, तेव्हा धन राजाचे, असा अमात्याचा लेखी अहवाल येतो. दुष्यंत विचारतो, एवढ्या धनिकास स्त्रिया अनेक असतील, त्यांतील कोणी गरोदर आहे काय पाहा. साकेतच्या श्रेष्ठीची कन्या असलेल्या पत्नीचे पुंसवन नुकतेच झाल्याचे कळते. गर्भस्थ बालकास पित्याचे धन मिळते, आणि राजा नगरात घोषणाच करवितो की ज्याचा आप्त गेला असेल त्याच्या ठिकाणी दुष्यंत उभा आहे. ज्याच्या खजिन्यात धन पडावयाचे तोच येथे वारस शोधून काढतो. अपत्यहीन राजाच्या मनाची कालवाकालव म्हणून हा प्रसंग आपण वाचतो. राज्यकारभाराचा नमुना म्हणूनही तो वाचावा.

हैदराबादेत अशा प्रसंगाचे मोठे उदाहरण १९४९ साली घडले. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, त्या मार्चमध्ये अविवाहित निवर्तले. त्यांच्या घराण्यातील पहिल्या सालारजंगांनी दिवाण असताना १८६५ साली संस्थानात जिल्हाबंदी केली होती. आता सरळ वंश उरला नाही आणि मागे राहिला तो अफाट कलासंग्रह. त्याच्या व्यवस्थेसाठी समिती नेमली गेली, १९५१ च्या डिसेंबरात संग्रहालय खुले झाले, आणि आप्तांशी झालेल्या १९५८ च्या तडजोडीने संग्रह राष्ट्राचा झाला. अशा नामांकित घराण्याचे वारस हुडकावयास कोणाची गरज पडत नाही. मृत्यूची वार्ता हीच तेथे दवंडी असते. वारसशोधकाचा धंदा चालतो तो सामान्यांच्या घरी, जेथे चुलत्याच्या मृत्यूची बातमी पुतण्यास पोहोचलेली नसते.

ह्या धंद्याची रीत फ्रान्समध्ये पुरती विकसित झाली. तेथील करारास ‘प्रकटीकरणाचा करार’ म्हणतात. वंशशास्त्री वारसाकडे जातो आणि सांगतो की तुम्हांस एक वारसा मिळावयाचा आहे. कोणाचा, ते अमुक हिस्सा देण्याच्या कागदावर सही झाल्यावर सांगेन. उपाध्यायाच्या वहीचा क्रम येथे नेमका उलटा झालेला दिसेल. त्या माणसाने दप्तरे धुंडाळली, गावे पालथी घातली, खर्च सोसला, हे नाकारता येत नाही, आणि वारस न सापडता तर त्याची मेहनत फुकट गेली असती. कोणी शोधलेच नसते तर वारसास काहीच मिळाले नसते, हा त्याचा युक्तिवादही पोकळ नव्हे. परंतु तो जे विकतो ते श्रम नव्हेत, मौन विकतो. मेहनत दहा दिवसांची असो वा एका दुपारची, हिस्सा तोच. कारण मोल दुसऱ्याच्या अज्ञानाचे लावलेले असते. फ्रान्सने २००६ च्या कायद्याने एवढे केले की अधिकारपत्राशिवाय कोणी वारसाचा शोध करू नये. कॅलिफोर्नियाने सरकारजमा झालेले धन शोधून देणाऱ्याचा मोबदला दहा टक्क्यांवर बांधला आहे. म्हणजे मनूच्या मधल्या आकड्यावर!

आपल्या न्यायालयांनी मध्यम मार्ग धरला. दाव्याच्या फळात वाटा घेण्याविरुद्धचे इंग्रजी निर्बंध हिंदुस्थानास जसेच्या तसे लागू नाहीत, मात्र करार पिळवणुकीचा असल्यास तो मानू नये, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ साली ठरविले. वकिलांना ती मोकळीक नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलास अशाच करारासाठी दोषी धरले, आणि २०१७ साली तेलंगणातील एका विधवेच्या अपघात-भरपाईच्या प्रकरणात टक्केवारीची फी बेकायदेशीर असल्याचे पुन्हा सांगितले. वकिलास जे वर्ज्य ते त्याच कामाच्या दलालास चालावे, हे प्रस्तुत लेखकास विसंगत वाटते.

दवंडीची स्थिती आज कशी आहे? दहा वर्षे न हाताळलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. २०२३ च्या फेब्रुवारीअखेर केवळ सरकारी बँकांनी तेथे भरलेली रक्कम सुमारे ३५,०१२ कोटी रुपये होती. वारस केव्हाही बँकेकडे जाऊन ती मागू शकतो, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून ‘उद्गम’ ह्या संकेतस्थळावर नाव शोधता येते. व्यवस्था चांगली आहे. पण नाव रोमन लिपीत घालावे लागते, बँकेचे कागद इंग्रजीत, तहसिलीचे तेलुगूत, आणि इचोड्याकडील मराठी घरच्या वृद्धेस दोन्ही परके. अशा दवंडीचा अर्थ सांगणारा मध्यस्थ आपोआप उभा राहतो. त्याने लिहिण्या-वाचण्याची मजुरी घ्यावी, जाण्या-येण्याचा खर्च घ्यावा. रकमेचा तिसरा-चौथा हिस्सा मागण्याचा अधिकार त्यास कोठून आला?

केसलापूरच्या जत्रेत १९४० नंतरच्या दशकापासून दरबार भरतो आणि जिल्ह्याचे अधिकारी लोकांची गाऱ्हाणी ऐकावयास तेथे बसतात. आदिलाबाद जिल्ह्यातील बँकांत पडून असलेल्या ठेवीदारांची नावे, गावांसह, रकमेचा आकडा न सांगता, त्या दिवशी गोंडी, मराठी आणि तेलुगूत वाचून दाखविता येतील. नावे ऐकणाऱ्यांत इचोडा, उटनूर, किनवट सगळीकडचे भाऊबंद असतात, आणि काम एका दुपारचे आहे.