अर्धस्फटिकी आणि अस्फटिकी बहुवारिकांची मिश्रणे

अर्धस्फटिकी आणि अस्फटिकी बहुवारिकांची मिश्रणे ही भिन्न रचनेची दोन किंवा अधिक बहुवारिके (पॉलिमर) वितळवून अथवा सामाईक द्रावकात विरघळवून एकत्र केल्याने मिळणारी द्रव्ये आहेत. पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन यांसारख्या बहुवारिकांच्या साखळ्या काही भागात सुव्यवस्थित रचून स्फटिक बनवतात. त्यांचा उरलेला भाग अव्यवस्थित राहतो, म्हणून त्यांना अर्धस्फटिकी म्हणतात. पॉलिस्टायरीन किंवा पॉलिमिथिल मेथाक्रिलेट (अ‍ॅक्रिलिक) यांचे नेहमीचे प्रकार अस्फटिकी असतात. वितळलेल्या अवस्थेत एकजीव दिसणारे मिश्रण थंड झाल्यावर तसेच राहील, याची खात्री नसते.

मिश्रणीयता आणि सुसंगतता

या दोन संज्ञांचा अर्थ वेगळा आहे. साखळ्या रेणूंच्या पातळीवर एकमेकींत मिसळून एकच प्रावस्था तयार होत असेल, तर मिश्रण मिश्रणीय ठरते. सुसंगतता ही व्यावहारिक संज्ञा आहे. प्रावस्था वेगळ्या असूनही त्यांची परस्परांशी पकड चांगली असेल आणि वस्तू टिकाऊ होत असेल, तर मिश्रणास सुसंगत म्हणतात.

ऊष्मागतिकी

पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलेला सिद्धांत या विषयाचा पाया आहे. फ्लोरी यांना १९७४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लहान रेणू मिसळताना एन्ट्रॉपी बरीच वाढते, म्हणून अनेक द्रव सहज मिसळतात. लांब साखळ्यांच्या बाबतीत ही वाढ अत्यल्प असते. त्यामुळे हायड्रोजन बंध किंवा द्विध्रुवी आकर्षण यांसारखी अनुकूल आंतरक्रिया नसल्यास बहुतेक जोड्या विभक्त होतात. अनेक मिश्रणीय जोड्या तापमान वाढवल्यावर वेगळ्या होतात. ज्या किमान तापमानाच्या वर असे विभाजन संभवते, त्यास खालचे क्रांतिक विलयन तापमान म्हणतात.

स्फटिकीभवनावरील परिणाम

मिश्रण एकजीव असले, तरी स्फटिकाच्या जालकात सामान्यतः दुसऱ्या बहुवारिकाला जागा नसते. स्फटिक वाढताना अस्फटिकी घटक बाहेर सारला जातो. तो स्फटिकांच्या पातळ पट्टिकांमध्ये, पट्टिकांच्या गुच्छांमध्ये किंवा गोलाकार स्फटिकपुंजांच्या दरम्यान साठतो. म्हणून मिश्रणीय जोडीतही घनावस्थेत शुद्ध स्फटिक आणि मिश्र अस्फटिकी भाग अशा किमान दोन प्रावस्था आढळतात.

पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड आणि अ‍ॅक्रिलिक हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पहिल्याचा वितळबिंदू सुमारे १७०° से. असून दुसऱ्याचे काच-संक्रमण तापमान सुमारे १०५° से. आहे. अ‍ॅक्रिलिकचे प्रमाण वाढवल्यास वितळबिंदू खाली येतो आणि मिश्रणाचे काच-संक्रमण तापमान वर जाते. स्फटिकीभवन या दोन तापमानांच्या दरम्यानच घडत असल्याने त्यासाठीचा पट्टा अरुंद होतो आणि स्फटिकांची वाढ मंदावते. निशी आणि वांग यांनी १९७५ मध्ये या जोडीच्या वितळबिंदूतील घटीवरून आंतरक्रियेचे मापन केले.

तपासणी

विभेदी क्रमवीक्षण उष्मामापनात घटकांच्या दोन मूळ तापमानांदरम्यान एकच काच-संक्रमण आढळल्यास मिश्रण मिश्रणीय मानतात. दोन संक्रमणे दिसल्यास ते विभक्त ठरते. घटकांची काच-संक्रमण तापमाने फार जवळ असतील, तर ही कसोटी निर्णायक ठरत नाही. अशा वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण प्रकीर्णन यांची मदत घेतात.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्यात १९५० मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हे बहुवारिक संशोधनाचे प्रमुख केंद्र आहे. तेथील व्ही. एम. नाडकर्णी आणि जे. पी. जोग यांनी बहुवारिक मिश्रणांतील स्फटिकीभवनाचा अभ्यास केला. पॉलिफेनिलीन सल्फाइड आणि पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट (पेट) ही त्यांनी अभ्यासलेली एक जोडी होय.

पुनर्चक्रणातील महत्त्व

वर्धा जिल्ह्यातील रोहण्यासारख्या शेतीप्रधान गावातही हा प्रश्न उद्भवतो. ठिबक सिंचनाच्या बारीक नळ्या पॉलिएथिलीनच्या, मुख्य नळ पीव्हीसीचे, तर खतांची विणलेली पोती बहुधा पॉलिप्रोपिलीनची असतात. हे सर्व एकत्र वितळवल्यास विभक्त प्रावस्थांचा ठिसूळ माल मिळतो. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन हे दोन्ही केवळ कार्बन व हायड्रोजनचे बनलेले असले, तरी परस्परांत मिसळत नाहीत. पेट सुमारे २५०° से.ला वितळते, तर त्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो.

यावर एक उपाय म्हणजे सुसंगतकारके. या पदार्थांच्या साखळीचा एक भाग एका घटकाशी, तर दुसरा भाग दुसऱ्या घटकाशी जुळतो. मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रोपिलीन हे पॉलिप्रोपिलीन आणि नायलॉन यांच्या मिश्रणात वापरले जाते. मात्र प्रत्येक जोडीला वेगळे सुसंगतकारक लागते आणि त्याने खर्च वाढतो. त्यामुळे टाकाऊ प्लास्टिक प्रकारानुसार आधीच वेगळे करणे हाच पुनर्चक्रणाचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग ठरतो.