मागून बसणारी पिकअप : पाटे वाढवण्याआधी वजनाचा हिशेब

2024 मध्ये अहिल्यानगर असे नामकरण झालेल्या पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात शेतमालाच्या वाहतुकीत पिकअपचा वाटा मोठा आहे. राहुरी-घोडेगावच्या बाजारातील कांदा असो वा संगमनेर-अकोल्याकडील भाजीपाला, तो याच वाहनातून हलतो. याच पिकअपमागे कधी जनित्राचा, कधी फवारणी यंत्राचा, तर कधी पाण्याच्या टाकीचा दोनचाकी ट्रेलर जोडला जातो. मग गाडीचा मागचा भाग खाली बसतो, तोंड वर उचलले जाते आणि मालक गॅरेजमध्ये जाऊन 'आणखी एक पाटा घाला' असे सांगतो. पाट्याने गाडी उचलली जाते हे खरे. परंतु ती का बसली, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

गाडी का बसते?

ट्रेलरची दांडी हुकावर जो भार टाकते, तो मागच्या एक्सलच्याही मागे पडतो. त्यामुळे गाडी तरफेसारखी वागते. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधील अंतर 3 मीटर आणि हूक मागच्या एक्सलपासून 1.2 मीटर मागे आहे, असे धरू. हुकावर 100 किलो भार आला, तर मागच्या एक्सलवर 140 किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे 40 किलो कमी होतात. हौद्यात आधीच माल भरलेला असेल, तर पाट्यांची उरलीसुरली कमानही सपाट होते.

धोका आहे तो या 40 किलोंत. वाहन वळवण्याचे काम पुढची चाके करतात आणि ब्रेकचा मोठा भारही तीच पेलतात. ती हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. करंजी किंवा चंदनापुरी घाटाच्या उतारावर हा फरक जिवावर बेतू शकतो. शिवाय वर उचललेल्या दिव्यांचा झोत रात्री समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो, तो वेगळाच.

बैलगाडीचा धडा

एका एक्सलचा ट्रेलर म्हणजे तत्त्वतः बैलगाडीच होय. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. ओझे पुढे आले की सारा भार बैलांच्या मानेवर पडतो. ऊस वाहणारे गाडीवान म्हणूनच मोळ्या रचताना ओझे अशा बेताने ठेवतात की, धुरेवर थोडाच भार राहावा.

ट्रेलरलाही हाच न्याय लागू पडतो. लहान ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर असावा, असा ढोबळ संकेत आहे. म्हणजे 700 किलोंच्या ट्रेलरसाठी सुमारे 70 किलो. अर्थात, उत्पादकाने हुकावरील भाराची मर्यादा दिली असेल तर तीच अंतिम मानावी. भार याहून जास्त असेल तर माल मागे सरकवावा. हुकापासून ट्रेलरच्या एक्सलपर्यंत 2.5 मीटर अंतर असताना 200 किलोंची वस्तू अर्धा मीटर मागे सरकवली, तर हुकावरचे 40 किलो कमी होतात. मात्र हे प्रमाण फार घटवणेही घातक; उलाळ झालेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो.

आधी मोजमाप

सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची तीन वेळा मोजावी : रिकामी गाडी, भरलेली गाडी आणि ट्रेलर जोडलेली गाडी. रिकामी असतानाच एक बाजू खाली असेल, तर पाटा तुटला किंवा थकला असण्याची शक्यता आहे. त्यानंतर बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या भुईकाट्यावर आधी संपूर्ण गाडीचे आणि मग केवळ मागची चाके काट्यावर ठेवून वजन करावे. हे आकडे नोंदणी प्रमाणपत्रातील वजनांशी ताडून पाहावेत.

उपाय कोणते?

वजन मर्यादेत असूनही गाडी बसत असेल, तरच पाट्यांकडे वळावे. थकलेले पाटे दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. भट्टीत तापवून कमान देताना पाणी चढवण्याची प्रक्रिया नीट झाली नाही, तर पाटा पुन्हा बसतो किंवा तडकतो. काम झाल्यावर काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. शॉकअॅब्सॉर्बर बदलून गाडी उचलली जाईल, हा समज चुकीचा आहे. त्याचे काम हेलकावे शमवण्याचे आहे. टायरमधील हवा भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबाइतकी असावी.

जादा पाट्याचा एक तोटा सहसा ध्यानात येत नाही. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह चासी व एक्सल यांमधील अंतरावरून वजनाचा अंदाज घेतो. कडक पाट्यांमुळे गाडी बसली नाही, तर तो भरलेली गाडी हलकी समजतो आणि मागच्या ब्रेकला कमी दाब देतो.

कायदा काय सांगतो?

पाटे वाढवल्याने वजनाची मर्यादा वाढत नाही. ती एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांच्या क्षमतेवर ठरते. नमुना वाहनांच्या चाचणीचे अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 126 नुसार ठरावीक संस्थांना आहेत. नगरची 'व्हीआरडीई' ही त्यांपैकीच एक. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल परस्पर करता येत नाही. कलम 194 मध्ये 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा वजनासाठी 20 हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2 हजार रुपये दंड आहे. ट्रेलर हेही कायद्याने मोटार वाहनच असल्याने त्याची नोंदणी आवश्यक ठरते.

तेव्हा क्रम असा असावा : आधी भुईकाटा, मग मालाची मांडणी, मग टायरमधील हवा आणि सर्वांत शेवटी पाटे. काट्यावर वजन जास्त भरले, तर दुसरी खेप करणे हाच खरा उपाय होय.