समुद्रापारचे टपाल : एकलहऱ्याच्या पंचक्रोशीतून

नाशिकरोड रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस वसलेले एकलहरे हे गाव औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखले जात असले, तरी टपालाच्या इतिहासात त्याचा शेजार अधिक महत्त्वाचा आहे. नाशिकरोड येथे १९२५ मध्ये प्रतिभूती मुद्रणालय स्थापन झाले आणि तोवर मुख्यतः लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येणारी हिंदुस्थानची टपाल तिकिटे १९२६ पासून येथे छापली जाऊ लागली. पलीकडे देवळालीची लष्करी छावणी आहे आणि तिला लागूनच सावरकरांचे भगूर. परदेशी राहणाऱ्यांचे टपाल बेभरवशाचे होते असे सरसकट म्हटले जाते, परंतु या पंचक्रोशीशी आणि एकूणच मराठी परदेशस्थांशी निगडित घटना पाहता शांततेच्या काळात समुद्र हा त्या प्रवासातला बराच भरवशाचा टप्पा होता, आणि खरी अनिश्चितता युद्धामुळे, सरकारी हस्तक्षेपामुळे व गावापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यामुळे निर्माण होत असे, असे म्हणावे लागते.

विलायतेचे टपाल १८६८ पासून दर आठवड्याला मुंबई बंदरात उतरू लागले आणि पुढच्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला. टपाल घेऊन येणाऱ्या आगबोटीवरच एडन ते मुंबई या पल्ल्यात गठ्ठे फोडून पत्रांची वर्गवारी करणारे ‘सागरी टपाल कार्यालय’ चालत असे, त्यामुळे बोट धक्क्याला लागण्यापूर्वीच पत्रांची विभागणी बरीचशी झालेली असे. १८७६ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय टपाल संघात, म्हणजे परस्परांचे टपाल ठरावीक दराने पोहोचवण्याचा करार केलेल्या देशांच्या संघटनेत, सामील झाला. पत्र पोहोचत असे. मात्र ते वेळेवर उपयोगी पडेलच असे नसे.

याचे ठळक उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. त्यांचे पती गोपाळराव हे स्वतः टपाल खात्यातले नोकर होते, आणि अमेरिकेतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी या दांपत्याचा संबंध १८८० मध्ये जुळला तोही पत्रांतूनच. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेईपर्यंत बहुतांश काळ पतिपत्नींचा संसार कागदावरच चालला. पत्र जाऊन उत्तर यायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागत असल्यामुळे एकाचा राग दुसऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर पहिल्याचा शांत झालेला असणे आणि खुलासा व नवी तक्रार यांची वाटेतच चुकामूक होणे अपरिहार्य होते. गोपाळरावांच्या करड्या स्वभावाविषयी लिहिणाऱ्यांनी अंतराच्या या भागाकडे जरा अधिक लक्ष द्यायला हवे होते.

सावरकरांच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी टपालातील वस्तू अडवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता. म्हणजे तिकीट विकून पत्र पोहोचवण्याची हमी देणारी आणि ते अडवणारी सत्ता एकच होती. १९०६ मध्ये लंडनला गेलेल्या सावरकरांची बातमीपत्रे इकडच्या वृत्तपत्रांत छापून येत, परंतु १८५७ वरील त्यांच्या ग्रंथावर १९०९ मध्ये प्रसिद्धीपूर्वीच बंदी आली. अशा परिस्थितीत जोखमीच्या वस्तू टपालात न टाकता माणसाच्या हाती पाठवणे ओघानेच आले, आणि त्याच वर्षी वीस ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून परतणाऱ्या चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून मुंबईत आली. येणाऱ्या-जाणाऱ्याची पेटी ही टपालाची जुनी प्रतिस्पर्धी होती, आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांनी निरुपद्रवी कारणांसाठीही तिचा वापर पुढे कधी सोडला नाही.

पहिल्या महायुद्धात आगबोटीचाही भरवसा उरला नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येणारी ‘पर्शिया’ ही बोट क्रीटजवळ पाणसुरुंगाने नव्हे तर जर्मन पाणबुडीने बुडवली, आणि २३ जून १९१७ रोजी ‘मंगोलिया’ मुंबईपासून फार दूर नसलेल्या समुद्रात खरोखरच सुरुंगावर आदळून बुडाली. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉरच्या, म्हणजे मजकूर तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखालून जात, त्यामुळे गावी काय लिहायचे याचा विचार सैनिकाला आधीच करावा लागे. मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात तर एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत अडकलेल्या मराठा पलटणींचा टपालाशी नेहमीचा संबंधच तुटला होता.

१९२९ मध्ये लंडन–कराची विमानटपाल सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर हवाईपत्र, म्हणजे तिकीट आधीच छापलेला व घडी घालून चिकटवायचा पातळ कागद, परदेशस्थांच्या घराघरांत पोहोचला. त्यात दुसरे काहीही घालण्यास मनाई असे आणि फोटो सरकवल्यास जादा आकार बसण्याची शक्यता असे. कागदाच्या दोन्ही बाजूंना, घडीच्या कडेपर्यंत बारीक अक्षर भरण्याची सवय त्यातूनच लागली.

उरला तो शेवटचा टप्पा. एकलहरे नावाची गावे आंबेगाव आणि श्रीरामपूर तालुक्यांतही आहेत, आणि परदेशातील टपाल कारकुनाला जिल्ह्यांचा भेद कळण्याचे काही कारण नव्हते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडमागे श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी टपाल अधिकाऱ्याची कल्पना होती, आणि सारख्या नावांचा व अनेक लिप्यांचा घोळ मिटवणे हा तिचा हेतू होता. वीज केंद्राचे पहिले संच त्याच सुमारास सुरू होत असल्याने येथील वसाहतीला वाढत्या वयातच हा आकडी पत्ता मिळाला : ४२२१०५, ज्यातला पहिला अंक टपालाचा विभाग आणि पहिले तीन अंक मिळून नाशिकचा वर्गवारी जिल्हा दाखवतात.