रॉबर्ट टॅफ्ट : सत्तेला लगाम घालूं पाहणारा सेनेटर

ज्याला राष्ट्राध्यक्षपद कधींच लाभलें नाहीं, त्याचें नांव कित्येक राष्ट्राध्यक्षांच्या नांवांहून अधिक आदरानें घेतलें जावें, असा योग राजकारणांत क्वचितच येतो. अमेरिकेंतील ओहायओ संस्थानचे सेनेटर रॉबर्ट अल्फान्सो टॅफ्ट यांच्या वांट्याला तो आला. १९४०, १९४८ व १९५२ अशा तीन वेळां त्यांनीं रिपब्लिकन पक्षाकडे अध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. तिन्ही वेळां माळ दुसर्‍याच्याच गळ्यांत पडली. तरीहि ‘मिस्टर रिपब्लिकन’ ही पदवी लोकांनीं त्यांनाच दिली होती. त्यांना पुराणमतवादी म्हणत, व तें खोटें नव्हतें. परंतु त्यांचें पुराणमत म्हणजे जुन्या रूढींचा आंधळा अभिमान नव्हे. सत्ता कोणाच्याहि हातीं असो, ती कायद्याच्या मर्यादेंत राहिली पाहिजे, हें त्याचें सूत्र होतें. हें सूत्र पाळणें त्यांना किती महागांत पडलें, आणि तें त्यांच्या हातून कोठें सुटलें, हें पाहण्यासारखें आहे.

टॅफ्ट यांचा जन्म ८ सप्टेंबर १८८९ रोजीं ओहायओंतील सिनसिनॅटी शहरीं झाला. राजकारण त्यांच्या घरांतच नांदत होतें. आजोबा अल्फान्सो टॅफ्ट हे अध्यक्ष ग्रँट यांचे मंत्री होते. वडील विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे १९०९ ते १९१३ पर्यंत राष्ट्राध्यक्ष व १९२१ ते १९३० पर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते. हीं दोन्ही पदें भूषविणारे ते एकटेच. पुत्रानें येल विद्यापीठांत व हार्वर्डच्या कायदेशाळेंत पहिला क्रमांक मिळविला. १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली, तेव्हां दृष्टि अधू म्हणून सैन्यानें त्यांना नाकारलें. मग हर्बर्ट हूव्हर यांच्या हाताखालीं ते अन्नपुरवठ्याच्या खात्यांत काम करूं लागले, व युद्ध संपल्यावर उपाशी युरोपास अन्न पोंचविण्याच्या कामीं पॅरिसला गेले. १९२१ पासून ते ओहायओच्या विधिमंडळांत होते. १९३२ च्या निवडणुकींत पडले. आणि १९३८ सालीं सेनेटवर निवडून आले. सेनेट हें तेथील केंद्रीय कायदेमंडळाचें वरिष्ठ सभागृह. संस्थान लहान असो वा मोठें, प्रत्येकाचे दोनच सभासद त्यांत बसतात.

वक्तृत्व म्हणून ज्याला म्हणतात तें टॅफ्ट यांच्यापाशीं नव्हतें. आवाज कोरडा, भाषण आंकड्यांनीं भरलेलें, लोकांशीं सलगी करण्याची कला तर मुळींच साधलेली नव्हती. सभा जिंकीत त्या त्यांच्या पत्नी मार्था. एका सभेंत कोणी विचारलें कीं, आपले यजमान आम्हांसारखे सामान्य मनुष्य आहेत काय? त्यावर त्या बाईंनीं, ते मुळींच सामान्य नाहींत, येल व हार्वर्ड येथें पहिले आलेले आहेत, आणि ओहायओनें तसाच प्रतिनिधि पाठवावा, असें रोखठोक उत्तर दिल्याची आख्यायिका सांगतात.

त्या वेळीं अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणामुळें केंद्र सरकारची सत्ता झपाट्यानें वाढत होती. मंदीनें गांजलेल्या लोकांना ती हवीहि होती. टॅफ्ट यांना तिच्यांत धोका दिसला. भाकरीबरोबर बेडीहि येते, अशी त्यांची समजूत होती. युरोपांतील दुसर्‍या महायुद्धांत अमेरिकेनें पडूं नये, असेंहि त्यांचें मत होतें, व १९४१ मध्यें ब्रिटनला युद्धसामग्री उसनी देणार्‍या कायद्यास त्यांनीं कसून विरोध केला. हिटलरच्या आक्रमणाचें खरें स्वरूप त्यांनीं ओळखलें नाहीं, हा त्यांच्यावरील आक्षेप रास्त आहे. मात्र ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर त्यांनीं युद्धाच्या बाजूनें मत दिलें.

१९४२ च्या मार्च महिन्यांत पश्चिम किनार्‍यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरांतून हलविण्यासंबंधींच्या हुकुमास कायद्याचें बळ देणारें विधेयक सेनेटपुढें आलें. तें इतकें मोघम आहे कीं कोणत्या कृत्यास शिक्षा होणार हेंच कळत नाहीं, असें एकट्या टॅफ्ट यांनीं उठून सांगितलें. विधेयक तरीहि बिनविरोध संमत झालें. त्याविरुद्ध मत नोंदविण्यापर्यंत तेहि गेले नाहींत. पुढें सुमारें एक लाख वीस हजार माणसें छावण्यांत डांबलीं गेलीं, व त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचींच नागरिक होतीं. त्याबद्दल अमेरिकेनें १९८८ सालीं कायदा करून क्षमा मागितली. टॅफ्ट यांनीं दोष ओळखला होता. तो शेवटपर्यंत लढविला असता तर त्यांचें नांव आणखी उजळलें असतें.

खरी कसोटी लागली ती १९४६ सालीं. मे महिन्यांत आगगाड्यांचा देशव्यापी संप झाला. अध्यक्ष ट्रूमन यांनीं दोन्ही सभागृहांपुढें येऊन, संपकर्‍यांना सक्तीनें सैन्यांत भरती करण्याचा अधिकार मागितला. प्रतिनिधिगृहानें कांहीं तासांतच ३०६ विरुद्ध १३ मतांनीं तो देऊन टाकला. कामगारसंघांचे कट्टर विरोधक म्हणून ज्यांची ख्याति, ते टॅफ्टच सेनेटमध्यें आडवे आले. संपकरी चुकत असतील, पण चुकणार्‍या नागरिकाला शिपाई बनवून हुकुमाखालीं आणणें हें राज्यघटनेंत बसत नाहीं, असा त्यांचा रोख होता. विचारास अवधि मिळतांच सेनेटचें मत पालटलें, व सक्तीच्या भरतीचें कलम ७० विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें.

त्याच वर्षीं न्यूरेंबर्ग येथें नाझी पुढार्‍यांना फांशीची शिक्षा झाली. सार्‍या जगाला ती योग्य वाटली. निवडणुका महिन्यावर आल्या होत्या. अशा वेळीं ५ ऑक्टोबर रोजीं ओहायओंतील केन्यन महाविद्यालयांत टॅफ्ट यांनीं सांगितलें कीं, जेत्यांनीं जितांचा केलेला खटला निःपक्षपाती असूं शकत नाहीं. आणि कृत्य घडून गेल्यावर कायदा करून शिक्षा देणें अमेरिकेच्या राज्यघटनेस मान्य नाहीं. त्या आरोपींची बाजू त्यांनीं घेतली नव्हती. नेपोलियनप्रमाणें त्यांना कायमचें दूर ठेवावें, असें सुचविलें होतें. परंतु हा भेद ऐकून घेण्याच्या मनःस्थितींत कोणी नव्हतें. विरोधकांना आयतें हत्यार मिळालें, व स्वपक्षीयांनीं हात झटकले. दोन वर्षांनीं टोकियोच्या खटल्यांत भारताचे न्यायमूर्ति राधाविनोद पाल यांनीं आपल्या भिन्न निकालपत्रांत याच धर्तीचा आक्षेप विस्तारानें मांडला, हें येथें लक्षांत येतें. टॅफ्ट यांचा निष्कर्ष आजहि अनेकांना पटत नाहीं. नरसंहारासारख्या अपूर्व अपराधास जुना कायदा अपुरा पडतो, या म्हणण्यांत बळ आहे. पण ज्या तत्त्वाचा फायदा शत्रूस मिळूं द्यावयाचा नाहीं, त्यास तत्त्व म्हणावें कीं सोय, हा त्यांचा प्रश्नहि तितकाच खडा आहे.

निवडणुकींत रिपब्लिकन पक्षास दोन्ही सभागृहांत बहुमत मिळालें, आणि १९४७ सालीं टॅफ्ट-हार्टले कायदा झाला. कामगारसंघाचा सभासद असल्याखेरीज नोकरीच न देण्याची पद्धत त्यानें बंद केली; राष्ट्राचें आरोग्य वा सुरक्षितता धोक्यांत आणणारा संप ऐंशी दिवस थांबविण्याची तरतूद केली. ट्रूमन यांनीं तो नामंजूर केला. सेनेटनें ६८ विरुद्ध २५ मतांनीं ती नामंजुरी मोडून काढली. कामगारसंघांनीं त्याला गुलामगिरीचा कायदा म्हटलें. पण याच टॅफ्ट यांनीं गरिबांच्या घरांसाठीं डेमोक्रॅटिक सभासदांबरोबर काम केलें, व १९४९ च्या कायद्यान्वयें आठ लाख दहा हजार सरकारी घरांना मंजुरी मिळाली. उघडा बाजार गरिबाला छप्पर देत नाहीं, हें दिसल्यावर त्यांनीं हट्ट धरला नाहीं.

१९४९ मध्यें नाटो करारास त्यांनीं विरोध केला. ८२ विरुद्ध १३ अशा मतदानांत ते तेरांपैकीं एक होते. १९५० मध्यें ट्रूमन यांनीं कायदेमंडळास न विचारतां कोरियांत सैन्य धाडलें, तेव्हां, ठराव आणा, मी पाठिंबा देईन, पण विचारल्यावांचून युद्ध करण्याचा अधिकार अध्यक्षास नाहीं, अशा आशयाचें त्यांचें भाषण झालें. पुढें व्हिएतनामच्या वेळीं हाच वाद अमेरिकेस पुन्हां घालावा लागला.

आतां त्यांच्या चरित्रांतील काळा डाग. सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांनीं १९५० पासून सरकारी नोकरांवर कम्युनिस्ट असल्याचे बेछूट आरोप चालविले. नाझी पुढार्‍यांच्याहि खटल्यांत कायद्याची शुद्धता मागणार्‍या टॅफ्ट यांनीं आपल्या देशबांधवांवरील या पुराव्यावांचूनच्या चिखलफेकीला आळा तर घातला नाहींच, उलट तीस उत्तेजन दिलें. पक्षाचा लाभ तत्त्वावर मात करून गेला. १९५३ मध्यें मॉस्कोच्या वकिलातीवर चार्ल्स बोहलेन यांना नेमण्याच्या प्रसंगीं मात्र त्यांनीं स्वतः कागद तपासले, व मॅकार्थींच्या विरोधास न जुमानतां नेमणूक मंजूर करवून घेतली. शहाणपण आलें, पण उशिरां आलें.

१९५२ च्या जुलैंत शिकागो येथील पक्षाच्या अधिवेशनांत त्यांचा शेवटचा सामना जनरल आयसेनहॉवर यांच्याशीं झाला. पहिल्या मोजणींत आयसेनहॉवर यांस ५९५ व टॅफ्ट यांस ५०० मतें पडलीं. बहुमतास ६०४ हवीं होतीं. मिनेसोटाच्या प्रतिनिधींनीं मतें फिरविलीं आणि प्रश्न निकालांत निघाला. रुसून न बसतां टॅफ्ट यांनीं विजयी प्रतिस्पर्ध्यास साह्य केलें, व १९५३ च्या जानेवारींत ते सेनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले. पण देह साथ देईना. कमरेचें दुखणें कर्करोगाचें ठरलें. जूनमध्यें कुबड्यांच्या आधारानें येऊन त्यांनीं नेतृत्वाचें काम दुसर्‍यावर सोंपविलें, आणि ३१ जुलै १९५३ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला.

न्यूरेंबर्गच्या भाषणाचा गौरव पुढें प्रतिपक्षांतूनच झाला. डेमोक्रॅटिक सेनेटर जॉन केनेडी यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ या ग्रंथांत त्या धैर्यास स्थान दिलें. आणि १९५७ मध्यें केनेडींच्याच अध्यक्षतेखालील समितीनें सेनेटच्या इतिहासांतील जे पांच श्रेष्ठ सभासद निवडले, त्यांत टॅफ्ट यांचें नांव घातलें. वॉशिंग्टनमध्यें कायदेमंडळाच्या इमारतीजवळ १९५९ पासून त्यांच्या स्मरणार्थ सत्तावीस घंटांचा मनोरा उभा आहे.

मित्राची सत्ता नेहमींच निरुपद्रवी वाटते, आणि शत्रूचा हक्क नेहमींच अनावश्यक वाटतो. टॅफ्ट जेथें या दोन्ही मोहांना पुरून उरले तेथें ते मोठे ठरले. जेथें उरले नाहींत तेथें चारचौघांसारखेच झाले. ज्या पदासाठीं ते तीनदां झगडले, तें त्यांना मिळालें असतें तर हें सूत्र ते अध्यक्षाच्या खुर्चींतूनहि पाळते काय, याची परीक्षा मात्र काळानें होऊं दिली नाहीं.