योत-लोहारा

यवतमाळहून दारव्हा रस्त्याने पश्चिमेला निघाले की पाचेक किलोमीटरवर लोहारा लागते. एके काळी मध्ये शेते होती. आता लेआउटला लेआउट चिकटला आहे आणि पुढे एमआयडीसी. 2016 च्या सुमारास नगरपालिकेची हद्द वाढली, तेव्हा लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, भोसा ही गावे शहरात जमा झाली. आमच्या वर्गातली निम्मी मुले याच बाजूंची, पण पत्ता विचारला तर अमुक नगर, तमुक कॉलनी सांगतात. गावाचे नाव कुणी घेत नाही.

मुलांना वाटते, लोहारा ही यवतमाळची शेपटी. इतिहास मात्र दोघांना एकाच पाटावर बसवतो. 1596 मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून अकबराकडे गेले. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त सुभ्यांची मोजदाद केली. सुभ्याखाली सरकार, सरकारखाली महाल म्हणजे परगणा. आपले कळंब, आज तालुक्याचे गाव, तेव्हा एका सरकारचे ठाणे होते. आणि आपल्या शहराची नोंद आहे ती ‘योत-लोहारा’ अशी, जोडनावाने! गॅझेटियरकार सांगतात की ‘योत’ हा ‘येवत’ या जुन्या नावाचा अपभ्रंश, लोहारा म्हणजे हेच शेजारचे गाव, आणि ‘माळ’ म्हणजे ‘महाल’. यवत म्हणजे डोंगर आणि माळ म्हणजे रांग, अशीही एक व्युत्पत्ती लोक सांगतात. ऐकायला ती गोड आहे, शहर उंचावर आहे हेही खरे. पण आमचे मन महालाकडे झुकते.

‘अपभ्रंश’ या शब्दाशी मात्र आमचे भांडण आहे. आईन फारसीत आहे. ये, वाव, ते अशी तीन अक्षरे लिहिली की झाले नाव. आमच्या पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असते की हाच वाव ‘दवा’त व होतो, ‘दोस्त’मध्ये ओ होतो, ‘दूर’मध्ये ऊ होतो. ज़बर-ज़ेर लिहिण्याची रीत नाही. तेव्हा लिहिणाऱ्याने ‘यवत’ किंवा ‘येवत’च लिहिले असेल आणि वाचणाऱ्याने ‘योत’ वाचले असेल. इंग्रजांच्या कागदांत तो ‘योत’ पुढे कित्येक वर्षे टिकला. जिल्ह्याला तर ते आधी वणी जिल्हा म्हणत. यवतमाळचे नाव मिळाले 1905 मध्ये.

वर्गात हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, “सर, मग तो महाल आहे कुठे?” सगळे हसले. आम्ही सांगितले, बेटा, हा राजवाडा नव्हे, वसुलीचा हिशेब आहे. मग फळ्यावर शब्द लिहीत गेलो: जिल्हा, तालुका, परगणा, कसबा. मराठी घरात आणि आपल्या घरात हे शब्द सारखेच बोलले जातात, कोणाचे कोणते ते आता वेगळे काढता येत नाही. ‘आपण इथले केव्हापासून?’ असे विचारणारी मुले आमच्याकडे दरवर्षी असतात. आम्ही त्यांना हा फळा दाखवतो.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याकडचा एक मुलगा घरच्या प्लॉटच्या खरेदीखताची झेरॉक्स घेऊन आला. नगराचे नाव त्यात खाली, बारीक अक्षरात होते. वर ठळक लिहिले होते : मौजा लोहारा.